एफवायच्या पोराच्या हाती संघ : ‘फ्रेशमन पॉइंट गार्ड’वर कॉलेज बास्केटबॉलचं एवढं काय अवलंबून असतं?

‘हा फ्रेशमन पॉइंट गार्ड म्हणजे आमच्या संघाचं भविष्य.’ अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या बातम्या चाळणाऱ्याला नोव्हेंबर ते एप्रिल या हंगामात हे वाक्य हमखास भेटतं. न्यू जर्सी, इलिनॉय, टेक्सासमधल्या अनेक मराठी घरांतली मुलं आता कॉलेजच्या वयाची आहेत. मार्चात कॉलेजांची राष्ट्रीय बाद-पद्धतीची स्पर्धा सुरू झाली की ती टीव्हीसमोरून हलत नाहीत. अशा वेळी भारतातून आलेल्या आजोबांना पडणारा प्रश्न अगदी रास्त असतो : काल-परवा शाळा संपवून आलेलं अठरा वर्षांचं पोर, त्याच्यावर एवढ्या मोठ्या विद्यापीठाचं भविष्य कसं काय टांगलंय?

उत्तर खेळात आहे, तसंच नियमांतही आहे. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय ते वाक्य कळत नाही.

आधी दोन शब्द

फ्रेशमन म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. आपल्या बोलीत एफवायचा. तिथली पदवी चार वर्षांची असते, त्यामुळे फ्रेशमननंतर सोफोमोर, ज्युनियर आणि शेवटच्या वर्षाला सीनियर असा क्रम लागतो. मुलगी असली तरी शब्द फ्रेशमनच.

पॉइंट गार्ड ही मैदानावरची जागा आहे. एका वेळी पाच जण खेळतात, आणि त्यांतला हा बहुधा सगळ्यांत बुटका असतो. चेंडू टप्पे टाकत आपल्या अर्ध्यातून समोरच्या अर्ध्यात न्यायचा, कुणी कुठे धावायचं ते सांगायचं आणि योग्य क्षणी योग्य माणसाच्या हातात चेंडू द्यायचा, हे त्याचं काम. कॉलेजच्या सामन्यात चेंडू हातात आल्यापासून १० सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते आणि ३० सेकंदांत बास्केटच्या दिशेने नेम मारावा लागतो. म्हणजे विचार करायला वेळ जवळपास नाहीच.

ताशा कुणाच्या गळ्यात?

गणपतीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. पन्नास ढोल घुमत असतात, पण ठेका कधी बदलायचा, लय कुठे चढवायची आणि कुठे थांबायचं, हे ताशाकडे कान लावूनच कळतं. ढोल चुकला तर शेजारचे दहा ढोल त्याला झाकून नेतात. ताशा चुकला की सगळं पथक अडखळतं.

म्हणूनच पथकात नव्याने आलेल्या पोराला सहसा कुणी लगेच ताशा देत नाही. आधी त्याने ढोलावर हात बसवायचा, जुन्यांच्या बाजूला उभं राहून कान तयार करायचा. कॉलेज संघाचा प्रशिक्षक फ्रेशमनला पॉइंट गार्ड करतो तेव्हा तो आदल्या दिवशी आलेल्या पोराच्या गळ्यात ताशा अडकवत असतो. बाकीचे चौघं त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असू शकतात. ‘इकडे ये’, ‘तिकडे जा’ हे त्यांना या पोराने ओरडून सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. शारीरिक कौशल्यापेक्षा ही गोष्ट जमायला जास्त वेळ लागते, असं मला सामने पाहताना नेहमी वाटत आलंय.

शाळेतला हिरो कॉलेजात का चाचपडतो?

शाळेत हा मुलगा सगळ्यांत चपळ होता. त्याच्या हातून सुटलेला पास समोरच्याला दिसायच्या आत साथीदाराकडे पोचायचा. कॉलेजात समोर बावीस-तेवीस वर्षांचे गडी असतात, लांब हातांचे आणि चार हंगाम खेळलेले. काल जी फट उघडी दिसायची ती आज बंद. पास अडवला जातो, चेंडू जातो. अशा गमावलेल्या चेंडूला टर्नओव्हर म्हणतात. ज्या पासवर साथीदार लगेच बास्केट करतो, तो असिस्ट.

एका सामन्यात प्रत्येक संघाला सुमारे ७० वेळा चेंडू घेऊन चढाई करता येते आणि दर चढाईमागे सरासरी साधारण एक गुण मिळतो. म्हणजे एक टर्नओव्हर हा ढोबळमानाने एका गुणाचा तोटा. नवख्याच्या हातून असे तीन-चार चेंडू जास्त गेले की तीन-चार गुण गेले. आता हे पाहा : २०१६चा पुरुषांचा अंतिम सामना ७७-७४ असा संपला. दुसऱ्या वर्षी तोच विजेता संघ ६५-६२ने बाहेर पडला. तीन-चार गुणांत अख्खा हंगाम फिरतो. म्हणून फ्रेशमन पॉइंट गार्डचे गुण मोजण्याआधी त्याचे असिस्ट आणि टर्नओव्हर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एका टर्नओव्हरमागे दोन असिस्ट निघत असतील तर पोराच्या हातात चेंडू द्यायला हरकत नाही.

ब्रन्सनची तीन वर्षं

वर ज्या संघाचे दोन निकाल दिले तो फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचा. २०१५च्या शरद ऋतूत तिथे जेलन ब्रन्सन हा फ्रेशमन पॉइंट गार्ड आला. डावखुरा, उंचीने सव्वासहा फुटांच्या आतला. वडील रिक ब्रन्सन स्वतः एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, याच जागेवर खेळलेले. त्याच वर्षी त्याने शाळेला इलिनॉय राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि १९ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला होता. एवढा गाजावाजा असताना कुणीही म्हटलं असतं, द्या याच्या हातात सगळं.

प्रशिक्षक जे राइट यांनी तसं केलं नाही. ब्रन्सनला त्यांनी पहिल्या पाचांत घेतलं, पण त्याच्या जोडीला रायन आर्चिडियाकोनो हा सीनियर गार्ड ठेवला. चार वर्षं तो संघ ज्याच्या आवाजावर चालला, तो हा मुलगा. चेंडू दोघांत वाटला जायचा. ब्रन्सनची त्या वर्षीची सरासरी सामन्यामागे ९.६ गुण आणि २.५ असिस्ट. आकडे पाहून कुणी ‘भविष्य’ म्हणणार नाही.

४ एप्रिल २०१६, ह्यूस्टन. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध अंतिम सामना ७४-७४ असा बरोबरीत, घड्याळात ४.७ सेकंद. त्या क्षणी चेंडू सीनियरच्या हातात होता. आर्चिडियाकोनो टप्पे टाकत पुढे आला, मागून येणाऱ्या क्रिस जेंकिन्सकडे त्याने अलगद चेंडू सोडला आणि जेंकिन्सचा तीन गुणांचा नेम वेळ संपता संपता रिंगमधून गेला. स्वतः हिरो व्हायची संधी समोर असताना, पाच सेकंदांत, मोकळा माणूस शोधून त्याला चेंडू देणं, हा पॉइंट गार्डचा धडा ब्रन्सनला पहिल्याच वर्षी स्वतःच्या संघात बघायला मिळाला. अशी शिकवणी कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

पुढच्या वर्षी आर्चिडियाकोनो गेलेला आणि सूत्रं ब्रन्सनकडे आलेली. संघाने ३२ सामने जिंकले, राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळवलं आणि दुसऱ्याच फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. तिसऱ्या वर्षी मात्र ब्रन्सन देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला आणि व्हिलानोव्हाने २०१८चा अंतिम सामना मिशिगनविरुद्ध ७९-६२ असा जिंकला. त्या सामन्यात ब्रन्सनचे गुण किती? ९. राखीव बाकावरून आलेल्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने ३१ केले. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा दिवस साधारण गेला आणि तरी संघ १७ गुणांनी जिंकला. पॉइंट गार्डने संघ कसा बांधून ठेवलाय ते अशा दिवशी दिसतं.

ब्रन्सनने तीन वर्षांत पदवीही पूर्ण केली. एनबीएचे संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात; त्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्याचं नाव ३३वं आलं. आज एनबीएतल्या न्यूयॉर्क निक्स संघाचा कर्णधार तोच आहे.

‘पण पोरगा चांगला असेल तर वर्षभरातच जाणार ना?’

ही शंका बरोबर आहे आणि इथे नियम आडवे येतात. एनबीएने २००५च्या करारात अट घातली : निवडीच्या वर्षात वय किमान १९ हवं आणि शाळा सोडून एक हंगाम उलटलेला हवा. त्यामुळे शाळेतून थेट व्यावसायिक लीगमध्ये जाणं बंद झालं. गुणी मुलं एक वर्ष कॉलेज खेळतात आणि निघून जातात.

ड्यूक विद्यापीठाचा टायस जोन्स हे याचं लख्ख उदाहरण. २०१४-१५मध्ये तो आला, तेव्हा क्विन कुक हा सीनियर आधीपासून पॉइंट गार्ड होता. कुक बाजूच्या जागेवर सरकला आणि चेंडू जोन्सच्या हातात गेला. सीनियरने असं आपणहून सरकणं किती मोठं आहे, हे ज्याने कधी संघात आपली जागा नव्या पोराला दिलीय त्यालाच कळेल. अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनविरुद्ध जोन्सने २३ गुण केले, ड्यूक ६८-६३ने जिंकला आणि त्या अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हा फ्रेशमन. लगेच तो एनबीएत गेला.

मग भविष्याचं काय? हापूसचं कलम लावलं की फळाला काही वर्षं थांबावं लागतं, पण एकदा लागलं की बाग उभी राहते. टोमॅटो चार महिन्यांत हाती येतो, भाव मिळाला तर चांदी, पण पुढच्या हंगामाला पुन्हा पहिल्यापासून लागवड. ब्रन्सन हे कलम होतं. केंटकी विद्यापीठाने मात्र उघडपणे टोमॅटोची शेती केली. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी २०१०मध्ये जॉन वॉल, २०११मध्ये ब्रँडन नाइट आणि २०१२मध्ये मार्क्विस टीग, असा दर वर्षी नवा फ्रेशमन पॉइंट गार्ड खेळवला. प्रत्येक जण एका वर्षात एनबीएत गेला. वॉल तर २०१०च्या निवडीत पहिला होता. संघ मात्र चढत गेला : २०१०मध्ये शेवटच्या आठांत, २०११मध्ये शेवटच्या चारांत, २०१२मध्ये विजेता. वॉल गेल्याने भविष्य संपलं नाही, उलट त्याचं यश पाहून पुढच्या वर्षीचा गुणी पॉइंट गार्ड तिथे यायला तयार झाला. एक वर्ष राहणारा मुलगाही भविष्य घडवतो ते असं, आपल्यामागून येणाऱ्यासाठी.

धोकाही तितकाच खरा. २०१२-१३मध्ये केंटकीकडे तसा फ्रेशमन पॉइंट गार्ड नव्हता, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या खेळाडूकडे ती जागा होती. फेब्रुवारीत नर्लेन्स नोएल या उंचपुऱ्या सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या गड्याच्या, गुडघ्याला दुखापत झाली. गतविजेत्या केंटकीला राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांतही जागा मिळाली नाही. दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस या छोट्या विद्यापीठाने त्यांना पहिल्याच फेरीत हरवलं. एका हंगामाची लागवड फसली की घरात साठवलेलं काही नसतं.

मुलींच्या संघात ‘भविष्य’ म्हणजे खरोखरच चार वर्षं

महिलांच्या व्यावसायिक लीगचा, डब्ल्यूएनबीएचा, नियम वेगळा आहे. अमेरिकी खेळाडू निवडीच्या वर्षात २२ वर्षांची तरी हवी, किंवा पदवीधर हवी. साहजिकच मुली बहुधा चारही वर्षं कॉलेजात खेळतात. हा नियम खेळाडूंच्या कमाईच्या दृष्टीने न्याय्य आहे का, यावर वाद घालता येईल. एवढं मात्र खरं की फ्रेशमन पॉइंट गार्डमुळे संघ कसा वाढतो, हे पाहायचं असेल तर महिलांचं कॉलेज बास्केटबॉल पाहावं.

आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क २०२०-२१मध्ये फ्रेशमन होती. सामन्यामागे २६.६ गुण करून गुणांत ती देशात पहिली आली, शिवाय ७.१ असिस्ट. पण त्याच वर्षी तिच्या हातून सामन्यामागे चारपेक्षा जास्त चेंडू गेले, आणि संघ राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या सोळांत थांबला. पुढच्या वर्षी तर घरच्या मैदानावर क्रेटनकडून ६४-६२ अशी हार झाली. निर्णायक तीन गुण मारणारी लॉरेन जेन्सन वर्षभर आधी आयोवाच्याच संघात होती. फारसं खेळायला मिळालं नाही म्हणून ती क्रेटनला गेली होती. एका हिऱ्याभोवती संघ बांधताना बाजूचे मोती सुटतात ते असे.

तरी आयोवाने घडी मोडली नाही. क्लार्क, मोनिका चिनानो, केट मार्टिन, गॅबी मार्शल आणि मॅकेना वॉर्नॉक या पाचजणी तीन हंगाम पहिल्या पाचांत एकत्र खेळल्या. चिनानो ही रिंगजवळ उभी राहणारी सेंटर. ती कधी वळणार हे क्लार्कला आणि पास कधी सुटणार हे चिनानोला न बोलता कळू लागलं. हे कळणं सरावाच्या तासांनी येतं, प्रतिभेने नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी आयोवा अंतिम सामन्यात होता. दोन्ही हरले, आधी लुइझियाना स्टेटकडून आणि मग साउथ कॅरोलायनाकडून. पण २०२४चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये आयोवाने अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात एक प्रदर्शनीय सामना भरवला. त्याला ५५,६४६ प्रेक्षक आले.

म्हणजे ‘संघाचं भविष्य’ या शब्दांत विजेतेपदापलीकडचंही बरंच काही येतं : तिकिटं, टीव्हीचे पैसे, आणि गावातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलींनी हातात धरलेला चेंडू.

‘तयार पॉइंट गार्ड आणता येतो, मग नव्याला कशाला शिकवायचं?’

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न सगळ्यांत जोरात विचारला जातोय. कारण दोन.

पहिलं, ट्रान्सफर पोर्टल. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ही अधिकृत यादी २०१८मध्ये सुरू झाली. पूर्वी कॉलेज बदललं की साधारणपणे एक हंगाम बाहेर बसावं लागायचं. २०२१मध्ये एकदा बदलायला सूट मिळाली आणि २०२४पासून अभ्यासात पास असलेला खेळाडू कितीही वेळा बदलून लगेच खेळू शकतो. कोविडच्या हंगामामुळे खेळाडूंना एक जादा वर्षही मिळालं होतं, म्हणून मधल्या काळात चोविशीतले गडीही समोर उभे राहत.

दुसरं, पैसा. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे, म्हणजे जाहिरातींचे वगैरे, पैसे घेता येतात. जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेटही पैसे देऊ शकतात. २०२५-२६साठी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती.

मग नोकरीच्या जाहिरातीत ‘तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’ लिहितात तसं प्रशिक्षकही करू लागले. फ्रेशमनच्या चुका सोसण्यापेक्षा चार हंगाम खेळलेला पॉइंट गार्ड दुसरीकडून आणायचा. या हिशेबात तथ्य आहे. निकाल यंदाच हवा असेल आणि नोकरी प्रशिक्षकाची स्वतःची पणाला असेल, तर त्याला दोष देता येत नाही.

पण या वाटेवर दोन अडचणी आहेत. आणलेला माणूस एका वर्षात पदवी घेऊन जातो, की पुन्हा बाजार. आणि ज्या फ्रेशमनला तुम्ही खेळवलं नाही, तोही त्याच पोर्टलमधून जातो, जेन्सन गेली तसा. मला यात मधली वाट पटते, आणि ती व्हिलानोव्हाने दाखवलेली आहे. पोर्टलमधून आणायचंच असेल तर फ्रेशमनची जागा घेणारा आणू नये, त्याच्या बाजूला उभा राहणारा आणावा. आता फ्रेशमन पॉइंट गार्डची बातमी वाचली की मी त्याचे गुण शेवटी पाहतो. आधी पाहतो की त्याच्या जोडीला कोण सीनियर आहे, आणि मग की हा मुलगा किती दिवस राहील असं दिसतंय.

क्लार्क गेल्यावर आयोवासमोर हाच पेच होता. त्यांनी दोन्ही केलं. नव्या फ्रेशमन गार्ड मुलींना संघात घेतलं, आणि पोर्टलमधून लूसी ओल्सन ही शेवटच्या वर्षाची गार्ड आणली. योगायोगाने ती व्हिलानोव्हाहून आलेली. २ फेब्रुवारी २०२५ला आयोवाने क्लार्कचा २२ क्रमांक कायमचा निवृत्त केला, तिची जर्सी छताला चढवली. त्या दिवशी समोर देशातल्या बलाढ्य संघांपैकी एक, सदर्न कॅलिफोर्निया होता. आयोवाने तो सामना ७६-६९ असा जिंकला. ओल्सनने २८ गुण केले, आणि क्लार्क प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होती.